उलटलेली कॉलर

"आपण गरीब आहोत, का चिकट?"

प्रश्न तुडतुडीचा नव्हता. शाळेच्या मागच्या नळापाशी मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. घरी जेवताना, आई-बाबा दोघांच्या समोर, अजिबात न हसता विचारून दाखवायचा, नाहीतर सकाळच्या रांगेत सगळ्या शाळेपुढे कोंबड्यासारखं आरवायचं, अशी पैज होती. आरवायची तिला लाज होती अशातला भाग नाही. गेल्या वर्षापर्यंत हजेरीत नाव पुकारलं तरी जिची मान खाली जायची, ती या वर्षी वक्तृत्वात दुसरी आली होती, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. पण पैज ती पैज.

सगळं सुरू झालं ते कॉलरीवरून. तिच्या शाळेच्या शर्टाची कॉलर मानेपाशी झिजून तिचे दोरे निघायला लागले, तेव्हा आईने ती सुट्टीच्या दिवशी उसवली, झिजलेली बाजू आत घातली, आतली कोरी बाजू वर घेतली आणि परत शिवून टाकली. शिवण अशी, की बोट फिरवलं तरी कळू नये. पण एक गोष्ट आईच्या हातात नव्हती. शर्ट वर्षभर उन्हात वाळून पार विटला होता, आणि त्या कॉलरीच्या आतल्या बाजूने जन्मात ऊन पाहिलेलं नव्हतं. ती होती निळीशार. मैत्रिणींतल्या दुकानदाराच्या मुलीला दुसऱ्याच्या अंगावरचं फार लवकर दिसतं. ती म्हणाली, "अगं, हा शर्ट कुणाचा आणि ही मान कुणाची?" दुसरी मैत्रीण, चष्मिष, तर इतकी हसली की तिचा चष्मा नळाखालच्या चिखलात पडला.

तर आता प्रश्न विचारून झाला होता आणि पानावरचा भात निवत होता.

बाबांना ठसका लागला. ते गवंडी. दिवसभर सिमेंट उडून त्यांचा घसा आधीच खरखरीत, त्यात हा प्रश्न. आईने त्यांच्याकडे पाणी सरकवलं आणि वाटाण्यांचा डाव तुडतुडीच्या भातावर उपडा केला.

"दोन्हीतलं तुला कुठलं हवंय?" आईने विचारलं.

तुडतुडीने याची तयारी केलेली नव्हती. ती म्हणाली, मला नाही, मैत्रिणींना हवंय. आई म्हणाली, मग त्यांना जेवायला बोलाव, खाऊन सांगू देत. एवढ्यावर विषय मिटला असता. पण ठसका ओसरल्यावर बाबा सहज, मीठ मागावं तसं म्हणाले, "ठेकेदार आज अर्ध्या मजुरीवर ये म्हणाला."

"मग?"

"नाही म्हटलं."

"बरं केलंत," आई म्हणाली. "भात वाढू अजून?"

तुडतुडीचा घास हातातच राहिला. अर्धी मजुरी? आणि त्यालाही नाही? मग हे रोज थापीची पिशवी घेऊन जातात कुठे? बाबांनी सांगितलं त्याचा सारांश असा, की थंडी सरल्यापासून नीट काम नाहीच. विहिरी तळाला गेल्या, माणसांना प्यायला टँकर यायला लागला, तिथे विटा भिजवायला पाणी कोण देणार? गावातली सगळी बांधकामं जिथल्या तिथे थांबली. सध्या कुणाच्या गळक्या पन्हाळीला सिमेंटचा माल लाव, कुणाचा उंबरा बसव, असली फुटकळ कामं. आता शाळेच्या आवारात पाण्याची मोठी गोल टाकी व्हायची आहे, तेवढंच एक काम आहे. आणि गावातले सगळे गवंडी रिकामे आहेत हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक आहे.

"मला कुणी काही सांगितलं नाही," तुडतुडी म्हणाली.

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "तू तेव्हा आरशाला भाषण देत होतीस."

त्या जेवणात तुडतुडीला स्वतःचं उत्तर मिळालं: गरीब. आणि लगेच ती मनात खर्च मोजायला लागली, कारण गावातली शाळा दहावीपर्यंतच होती. पुढचं शिकायला शहरात जायचं, तिथली फी, बसचा पास, नवा गणवेश, पुस्तकं. परीक्षा तोंडावर आली होती. मैत्रिणींचं सगळं ठरून बसलं होतं, चौघींनी एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. त्या बाकावरची तिची जागा आता पानावरच्या भातासारखी गार होताना तिला दिसली.

दुसऱ्या दिवसापासून ती घराकडे असं बघायला लागली, जसं डॉक्टर पेशंटकडे बघतात. कुठे काय कमी झालंय ते शोधून काढायचंच. आणि तिथेच घोळ झाला, कारण कमी झालेलं काही सापडेना.

सकाळी टँकर आला की आईबरोबर हंडे घेऊन रांगेत उभं राहायचं, ते सगळ्या गावाचं तसंच. घरी आल्यावर भांडी धुतलेलं पाणी बादलीत जायचं, बादलीतलं मोरीबाहेरच्या भोपळ्याच्या वेलाला. ते पाऊस भरपूर असतानाही तसंच जायचं. साबणाच्या उरलेल्या चिपा जाळीच्या पिशवीत, पेन्सिलीचं बोटभर उरलेलं टोक रिकाम्या पेनाच्या नळीत, तेही जुनंच. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ती पेटी. एका लाकडी खोक्यात भुसा आणि फाटक्या रजईचे तुकडे ठासून आईने ती केली होती. वाटाण्यांना सकाळी एक सणसणीत उकळी आली की पातेलं झाकणासकट पेटीत उतरवायचं, वरून भुशाची उशी दाबायची आणि दुपारपर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही. स्टोव्ह बंद. वाटाणे आतल्या आत, स्वतःच्याच उबेने शिजत बसायचे. बाबा म्हणायचे, आमच्याकडे एक स्वयंपाकीण आहे, पगार मागत नाही, दिवसभर पांघरूण घेऊन पडलेली असते.

घरसुद्धा तसंच. त्यांच्या अख्ख्या घरात एक अख्खी वीट नव्हती. बांधकामावर फुटलेल्या, अर्ध्या झालेल्या विटा मालक फेकून द्यायचे. त्या बाबा विचारून घेऊन यायचे, अंगणात रचून ठेवायचे आणि काम नसेल त्या दिवसांत त्यातून काहीतरी उभं करायचे. एका मोकळ्या उन्हाळ्यात मोरी झाली, दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचा ओटा. या वर्षी दारापुढे बसायला कठडा चालला होता, वळण घेत भोपळ्याच्या वेलापर्यंत गेलेला. आणि जिथे पैसा घालायचा तिथे दोघं हात आखडत नसत. आईचा शिवणाचा दोरा दुकानातला सगळ्यात महाग असायचा. बाबांची थापी परगावाहून मागवलेली होती, आणि ती चमच्यासारखी लख्ख पुसून फडक्यात गुंडाळल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

म्हणजे वाईट वर्ष घरात येऊन बसलं होतं आणि तुडतुडीला ते ओळखूच आलं नव्हतं. याचा खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण ज्याला काय शोधायचंय ते आधीच ठरलेलं असतं, त्याला आनंद कसला दिसतोय.

शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर बाबा आवारात आलेले तिला दिसले. आधीच्या एका कामाची थोडी मजुरी ठेकेदाराकडे अडकली होती, ती मागायला. ठेकेदार आडव्या लावलेल्या मोटारसायकलवर छत्रीच्या सावलीत बसला होता आणि बाबांना त्याने उन्हात उभं ठेवलं. फोनवर बोलला, ते संपवलं, मग आणखी एक फोन लावला. बाबांच्या मानेवरून घाम ओघळून सदऱ्यात जात होता. तुडतुडी दप्तर छातीशी धरून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. समोर टाकीच्या पायावर, सगळे ज्याला उंट म्हणत तो काम करत होता. हा उंच, मान पुढे काढून चालणारा गवंडी बाबांच्याच हाताखाली थापी धरायला शिकलेला. त्याच्या घरी म्हातारे आईवडील आणि तान्हं मूल. त्याने एकदाच वर बघितलं आणि मग इतकं मन लावून विटा रचायला लागला, जणू त्या पळून जाणार होत्या.

फोन संपवून ठेकेदाराने अडकलेल्या पैशांतले निम्मे बाबांच्या हातावर ठेवले. बाकी नंतर बघू म्हणाला.

"मिस्त्री, गोल काम तुमच्यासारखं कुणाला जमत नाही, हे मी चारचौघांत बोलतो," तो म्हणाला. "पण दिवस कसले आहेत? हे सगळे आले ना मुकाट्याने? घरात पोरगी शिकायची आहे तुमची. ताठ मानेने फी भरता येत नाही."

बाबा म्हणाले, पाणी कमी झालंय, काम कमी नाही झालेलं. वीट तेवढीच, ऊन तेवढंच. पूर्ण मजुरी असेल तेव्हा हाक मारा. आणि ते निघाले. तुडतुडीचे कान तापले होते. ठेकेदाराने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले होते, आणि नळापाशी उभ्या मैत्रिणींनी ते पाहिलं होतं.

रविवार तिने कसाबसा काढला. सोमवारी मधल्या सुट्टीत ती सरळ मोटारसायकलीपाशी गेली. वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवलं होतं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा, समोरच्याच्या कपाळाकडे बघायचं आणि शेवटचा शब्द गिळायचा नाही. तिने तिन्ही केलं.

"काका, बाबा उद्यापासून येतील. अर्ध्या मजुरीवर."

"ते म्हणाले?"

"हो," ती म्हणाली. शेवटचा शब्द गिळला नाही.

ठेकेदार उठून उभाच राहिला. टाकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "ऐकलं का रे? मिस्त्री येतायत उद्या. आता कुणाची कुरकूर नको." घमेलं डोक्यावर घेतलेल्या बाया थबकल्या. उंटाने थापी खाली ठेवली. तुडतुडीला वाटलं होतं आता हलकं वाटेल. पण वर्गात परत येईपर्यंत आपण नक्की काय केलं हे तिचं तिला समजेनासं झालं होतं, आणि भूगोलाच्या तासाला तिने नकाशात नदी डोंगरावर चढवली.

उन्हं कलल्यावर उंट घरी आला. चपला दारात काढल्या, पण आत येईना. त्याच्या बोलण्यावरून असं कळलं, की सगळ्या गवंड्यांनी आणि बायांनी मिळून त्या दिवशी सकाळीच ठेकेदाराला सांगितलं होतं, मजुरी वाढव, नाहीतर आम्हीही थांबतो. मिस्त्री घरी बसलेत म्हणून त्यांना बळ आलं होतं. ठेकेदार विचार करतो म्हणाला होता. आणि मधल्या सुट्टीनंतर तो विचार त्याने सोडून दिला.

"मिस्त्री, खरं काय ते सांगा," उंट म्हणाला. "तुम्ही वाकला असाल तर आम्हाला काय, आम्ही आधीच वाकलेलो. फक्त खरं सांगा."

बाबांनी उंटाकडे पाहिलं, मग तुडतुडीकडे. आई शिवत बसली होती त्या यंत्रामागे ती उभी होती आणि तिचं तोंड भिंतीवरच्या चुन्यासारखं झालं होतं. त्यांना विचारायची गरज पडली नाही.

"मी सांगते," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. रडता रडता सगळं बाहेर आलं. कॉलर, पैज, दुकानदाराची मुलगी, उन्हातलं उभं राहणं, ठेकेदाराचं डोळे मिचकावणं, चौघींचा बाक, फी. आपण गरीब आहोत तर तसं सांगायचं ना, म्हणजे मी स्वप्नं तरी कमी बघितली असती.

आई रागावेल असं वाटलं होतं. आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं, सुई वर घेतली आणि उठली.

"तुझ्या शाळेचे पैसे पोस्टात आहेत," ती म्हणाली. "तू पाचवीत होतीस तेव्हापासून साठतायत. पुढची दोन वर्षं होतील एवढे. त्याला आम्ही हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. बाबांनी काम केलं तरी आणि घरी बसले तरी."

"कुठून आले?"

"त्या पेटीतून आले. तुझ्या कॉलरीतून आले. या असल्या भिंतीतून आले." तिने अर्ध्या विटांच्या भिंतीवर हात आपटला. "आणि तुला कधी उपाशी ठेवलं? थंडीत कुडकुडलीस? वही मागितलीस आणि मिळाली नाही, असं झालं?"

तुडतुडीने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कारण आईला हरवायची तिला फार इच्छा होती. काही सापडलं नाही. उलट गेल्या वर्षी ती तापाने पडली तेव्हा बाबा कामावर खाडा करून तिच्या उशाशी बसले होते, हेच आठवत राहिलं. चष्मिष आजारी पडली तेव्हा तिचे बाबा असे बसू शकले नव्हते.

"मग बाबा, आपण गरीब नाही?"

बाबा कठड्यासाठी विटा निवडत होते, ते थांबले. बोलण्यात ते कच्चे. "ते मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "एवढं खरं, की अर्ध्या मजुरीला याला हो म्हणावं लागलं. मला नाही लागलं." आणि त्यांनी उंटाच्या पाठीवर हात ठेवला, कारण उंट खाली बघत होता. मग ते तुडतुडीकडे वळले. "शब्द तू दिलास. परत घ्यायलाही तूच जायचं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती गेली. दोन पायांवर सारखा भार वगैरे काही राहिलं नाही. मागून मैत्रिणी येत होत्या, त्यांना वाटलं पैजेचाच पुढचा भाग आहे.

"काका, बाबा येणार नाहीत," ती म्हणाली. "काल मी खोटं बोलले. घाई मला होती, त्यांना नव्हती."

ठेकेदाराला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग बाया ऐकतायत म्हणून त्याने परत हसू आणलं. "बरं, बरं. आणि मिस्त्री घरी बसून करतात काय? तुमच्याकडे चूल पेटते का रोज?"

"सकाळी एकदा पेटते," तुडतुडी म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "मग आम्ही ती विझवतो. वाटाणे पेटीत शिजतात."

"पेटीत?"

"भुशाच्या. आई म्हणते, उकळी आली की पुढचं काम वाटाण्यांचं, आपण त्यांच्या डोक्यावर उभं राहायचं नाही." आणि आता तिच्यातलं जे कुणी वक्तृत्वात दुसरं आलं होतं ते जागं झालं. "आमची भिंत अर्ध्या विटांची आहे आणि माझी कॉलर उलटलेली आहे. ही बघा. शर्टापेक्षा निळी आहे. बाबा पाऊस येईपर्यंत बसू शकतात, काका. पावसानंतरसुद्धा."

एक बाई घमेल्याखालून हसली. मग दुसरी. तिसरीने तर घमेलंच खाली ठेवलं आणि विचारलं, "कसली पेटी गं, पोरी? स्टोव्हशिवाय शिजतं? रॉकेल किती वाचतं?" ठेकेदार ओरडला, हे काम चाललंय का बाजार भरलाय. पण हसू एकदा घमेल्यांमधून फिरायला लागलं की ते थांबवायला ठेकेदार पुरत नाही.

परत जाताना चष्मिषने तुडतुडीचा हात धरला आणि सोडला नाही. दुकानदाराची मुलगी म्हणाली, कॉलर तशी वाईट दिसत नाही.

त्या संध्याकाळी टाकीवरच्या तीन बाया पेटी बघायला आल्या. झाकण उघडून आत हात घालून, ऊब लागते म्हणून एकमेकींना सांगून गेल्या. आई मधल्या काळात शिवणाच्या ढिगात बुडली होती. कारण वाईट दिवस आले की लोकांना नवे कपडे परवडत नाहीत आणि जुने टाकवत नाहीत. कॉलरी उलटायला, कफ बदलायला, पँटचे पाय खालून सोडून लांब करायला मागच्या दाराने लोक यायचे. त्या ढिगात तुडतुडीला एक पिशवी दिसली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आत दुकानदाराचे दोन शर्ट होते, झिजलेल्या कॉलरींचे. तिने आईकडे पाहिलं. आईने ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नळापाशी ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. अगदी टोकावर. दुकानदाराची मुलगी समोर उभी होती आणि एक वाक्य पुरलं असतं. पण तुडतुडी पाणी प्यायली आणि वाक्य पाण्याबरोबर आत गेलं. इतकं मोठं काही तिने आजवर गिळलं नव्हतं.

परीक्षा झाली. उन्हं तापली. दारापुढचा कठडा पूर्ण झाला आणि बाबा त्यावर बसून दुपारी घोरायला लागले. उंट कधीमधी यायचा, टाकीचं सांगायचा. भिंत कमरेपर्यंत आलीय, पण कुठेतरी चुकतंय. गोल टाकी बांधायची तर मधोमध एक गज रोवायचा, त्याला दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकाने प्रत्येक वीट तपासायची, हे उंटाला शिकवलेलं होतं. पण ठेकेदाराने दिलेली दोरी सुती. माल लागून ती ओली झाली की आखडायची आणि वाळली की सैल पडायची. एक बाजू आत आली होती, एक बाहेर गेली होती, आणि टाकी वरून बघितली तर बटाट्यासारखी दिसत होती. बाबांनी हसू दाबलं. सायकलच्या ब्रेकची जुनी तार त्यांच्या पिशवीत कायम असायची. ती ओली होवो, वाळो, लांबी सोडत नाही.

"मग देऊ का तार?" त्यांनी उंटाला विचारलं.

उंटाने पिशवीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग म्हणाला, "नको, मिस्त्री. तार दिलीत तर अर्ध्या मजुरीतच काम होऊन जाईल." आणि पहिल्यांदाच मान वर करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे गेले नाहीत. त्या दिवसांत आईने वाटाण्यांचं मोठं पातेलं पेटीत ठेवलं आणि एक डबा उंटाच्या घरी जायला लागला. तुडतुडीच घेऊन जायची. उंटाची आई डबा धुऊन परत द्यायची, आणि कधी त्यात चार भोपळ्याच्या बिया, कधी एक लिंबू. रिकामा कधीच नाही.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा मोटारसायकल दारात आली. पावसाआधी टाकी उभी राहिली नाही तर ठेकेदाराचं बिल अडकणार होतं, आणि बटाट्यात पाणी राहणार नव्हतं. ऐन दुपारची वेळ. बाबांनी त्याला कठड्यावर बसवलं, भोपळ्याच्या पानांच्या सावलीत. उन्हात उभं ठेवलं नाही, हे तुडतुडीला आधी आवडलंच नव्हतं. आईने पेटी उघडली. पातेल्यातून वाफ निघाली, आणि ठेकेदाराने घरात वाकून बघितलं, स्टोव्ह तर थंडगार. त्याने दोनदा वाटाणे घेतले.

मग तो म्हणाला, पूर्ण मजुरी देतो, उद्या या.

"सगळ्यांना," बाबा म्हणाले.

"तुमचं बोला ना, मिस्त्री."

"गोल भिंत एकट्याने होत नाही. उंट हवा, बाया हव्यात. सगळ्यांना पूर्ण. आणि अडकलेले निम्मे."

ठेकेदाराने रिकाम्या ताटाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबांना कसलीच घाई नव्हती. ते नखातला चुना काढत बसले होते. शेवटी ठेकेदार बरं म्हणाला आणि खिशात हात घातला. तो गेल्यावर बाबांनी इतका मोठा श्वास सोडला, की तुडतुडीला कळलं, हे सगळे दिवस तो त्यांनी आतच धरून ठेवला होता. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने तोंड झाकून हसत सुटली. तिचं हसणं थांबेना. तुडतुडीने आईला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

टाकी झाली. गोल झाली. बटाट्याचा भाग पाडून ब्रेकच्या तारेने परत बांधली, आणि त्यातून निघालेल्या अर्ध्या विटा या वेळी उंटाच्या अंगणात गेल्या. निकालही लागला, आणि आईने पोस्टातून पैसे काढून आणले. पुढच्या गणवेशासाठी नवं कापड आणलं. पांढरंशुभ्र, दुकानातलं चांगल्यातलं. ते जमिनीवर पसरून ती खडूने माप आखत होती. बाबा उंबऱ्यात बसून थापी पुसत होते.

"मी ठरवलंय," तुडतुडी म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं. तिच्या मैत्रिणींचा बाक दोघांनाही तोंडपाठ होता.

"मी त्यांच्याबरोबर जाणार नाही. त्यांना मी आज सांगून आले. मी तंत्रशाळेत नाव घालणार. बांधकामाला."

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. "गवंडी होणार?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती आणि तिच्याखाली दुसरंही काही होतं.

"नाही," ती म्हणाली. "ठेकेदार होणार. पूर्ण मजुरी देणारी. आणि हिशेब मागायला आलेल्याला सावलीत बसवणारी."

बाबांनी थापी फडक्यात गुंडाळली, मग परत उघडली आणि आधीच लख्ख असलेलं पातं परत पुसायला लागले.

"आणि आई," तुडतुडी म्हणाली, "कॉलरीला आतूनही हेच चांगलं कापड लाव. दोन वर्षं चालवायचाय हा शर्ट. मधे उलटावी लागेल."